पहिलीचा वर्ग जूनमध्ये आवरत नसेल तर आधी घड्याळ बघा

दरवर्षी जून संपत आला की मला तोच फोन येतो, फक्त माणूस बदलतो. कधी नवीन रुजू झालेली शिक्षणसेवक पोरगी असते, कधी सातवीला गणित शिकवण्यात मुरलेले आणि बदलीनंतर पहिलीवर येऊन पडलेले गुरुजी. "मॅडम, वर्ग आवरंना गेलाय." मग यादी सुरू होते. दोघं पाटीवरून भांडायलेत, एक दारात उभं राहून रडतंय, तिघं एका कोपऱ्यात एकमेकांवर लोळतायत, एकानं थेट वस्तीचा रस्ता धरलाय. जी चार लेकरं शहाण्यासारखी बसली होती तीही उठलीत, कारण सगळे मजा करत असताना एकट्यानं बसून राहायला कोणाला आवडतं? फोनवरच्या माणसाचा घसा बसलेला असतो आणि शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: "दोघं-तिघंच बिघडवतायत सगळं. त्यांचं काय करू?"

माझं उत्तर दरवर्षी तेच असतं आणि ते ऐकून दरवर्षी समोरचा थोडा नाराज होतो. कोण बिघडवतंय ते आठवडाभर विसरा. कधी बिघडतंय ते लिहून काढा.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. दोनशिक्षकी. तिसरी-चौथी सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. गेल्या वर्षी पहिलीला १९ आणि दुसरीला १७, म्हणजे एका खोलीत ३६. शाळेचा पट साठाच्या आत, म्हणून शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दोन शिक्षक. कायद्याच्या हिशेबात हे बसतं, खोलीत बसत नाही.

त्यातली निम्म्याहून जास्त लेकरं ऊसतोड कामगारांची. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात, आणि पाडव्याच्या मागंपुढं परततात. अंगणवाडीच्या रजिस्टरला या लेकरांची नावं तीन वर्षं असतात, पण त्या प्रत्येक वर्षातले पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे ऊसाच्या फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत गेलेले असतात. आईबाप पहाटेच फडात, मोठं लेकरू धाकट्यापाशी. सहा वर्षांची पोर भावाला कडेवर घेऊन पाण्याची कळशी भरून आणते. तिथं तिला घंटा नसते, रांग नसते, 'आता हे ठेवा, ते काढा' नसतं. अशी पोर १५ जूनला तुमच्यासमोर येते आणि तुम्ही म्हणता, "बसा." ती बसते. दोन मिनिटांनी उठते. बसणं म्हणजे पुढचं सांगेपर्यंत बसून राहणं, हे तिला कोणी कधी सांगितलेलंच नसतं.

तीन दिवसांची नोंद

टाचण वहीची, म्हणजे रोजच्या पाठाचं नियोजन लिहायच्या वहीची, मागची दोन पानं मोकळी ठेवा. वर्गात गोंधळ झाला की फक्त वेळ लिहा आणि त्या क्षणी काय चाललं होतं ते चार शब्दांत. लेकराचं नाव लिहायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, हात आपोआप नावाकडे जातो.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझी खात्री होती की वर्गाला दोन पोरांची दृष्ट लागलीय. तीन दिवसांनी वही अशी दिसत होती: हजेरी चालू असताना. पाट्या वाटताना. खिचडीला जाताना. मधल्या सुट्टीनंतर आत येताना. त्यानंतर अर्ध्या तासानं पुन्हा. दप्तरं भरताना. गोष्ट सांगत होते तेव्हा एकदाही नाही. मणी मोजत होतो तेव्हा एकदा, तेही मणी कमी पडले म्हणून.

म्हणजे वर्ग धड्यात बिघडत नव्हता. दोन कामांच्या मधल्या फटीत बिघडत होता. लेकरं वाट बघत होती, नाहीतर इकडून तिकडं जात होती. ती दोन पोरं फटीत सगळ्यात आधी उठायची, एवढंच. त्यांना मी बाहेर उभं केलं तेव्हा तिसरं उठलं.

तुमच्या वहीत दुसरं काही निघेल. एका मैत्रिणीचा वर्ग रोज बरोबर साडेअकराला सुटायचा. शोधलं तेव्हा कळलं, त्या वेळी शेजारच्या खोलीत खिचडीला फोडणी बसायची. अर्धी लेकरं सकाळी नुसता चहा पिऊन आलेली. तिनं तो तास वर्गाबाहेर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला नेला आणि सकाळी आल्या आल्या 'कोणी काय खाल्लं' हे विचारायला लागली. याला वर्गव्यवस्थापन म्हणायचं की स्वयंपाकघराची भिंत म्हणायची, तुम्हीच ठरवा.

हजेरी

सोपी दुरुस्ती आधी. ३६ नावं पुकारायला सात-आठ मिनिटं लागतात. त्यात प्रत्येक लेकराचं काम एकदा 'हजर बाई' म्हणायचं. उरलेला वेळ शेजाऱ्याला चिमटा काढायला मोकळा.

लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या करा. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला चित्र. अक्षर येत नसलेल्या पोरानं आपली चिठ्ठी चित्रावरून ओळखायची: बैल, विळा, मोर, चप्पल, बाजरीचं कणीस. चित्र लेकरानं स्वतः निवडायचं. आत येताना 'घर' लिहिलेल्या खोक्यातून चिठ्ठी काढायची, 'शाळा' लिहिलेल्या दोरीला अडकवायची आणि जागेवर जाऊन चिंचोक्यांचा ढीग मोजायला घ्यायचा. मी दोरीकडे बघून हजेरीपट भरते, मोबाइलवरची हजेरीही तेव्हाच. पंधरा दिवसांत बरीच लेकरं चित्राकडे न बघता नाव ओळखायला लागतात, तो नफा वेगळा.

आवाज, म्हणजे तुमचा

ओरडून वर्ग शांत होतो, पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त ओरडावं लागतं. जुलैत तुमचा आवाज वर्गातल्या पंख्यासारखा होतो. चालू असला तरी कोणाला ऐकू येत नाही.

माझ्याकडे घुंगरमाळ आहे. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतात ती. बैल विकला तेव्हा माळ घरी राहिली होती. तिचा नियम एकच: माळ वाजली की हातातलं खाली आणि डोळे बाईंकडे. एकदाच वाजवायची. लेकरं थांबेपर्यंत पुन्हा वाजवायची नाही, बोलायचं नाही, उभं राहायचं. पहिल्या दिवशी मी मनात शंभरपर्यंत मोजलं असेल. आपल्याला शांतता सोसत नाही, आपण मध्येच 'ए, गप' म्हणतो, आणि मग खूण म्हणजे माळ की 'ए, गप' हे लेकराला कळत नाही.

हे धड्यासारखं शिकवायचं. दिवसातून चार वेळा, वर्ग चांगला असताना. गोंधळ झाल्यावर पहिल्यांदा माळ काढली तर ती गोंधळाची माळ होते.

'तळ्यात-मळ्यात' आणि 'शिवाजी म्हणतो' हे दोन खेळ मी जूनमध्ये रोज घेते. ऐकायचं, उडी मारायची इच्छा झाली तरी चुकीच्या शब्दावर पाय दाबून धरायचा, एवढंच त्यात आहे. आणि तेवढंच आपल्याला हवं आहे. बाद झालेल्याला बाहेर बसवू नका. ज्याला थांबता येत नाही तोच पहिल्यांदा बाद होतो, मग सराव कोणाचा होणार? चुकला की हसायचं आणि पुन्हा आत. अजून खेळू म्हणत असतानाच खेळ थांबवायचा.

खिचडीची रांग

माझ्या वहीत सगळ्यात वाईट दहा मिनिटं हीच होती. खोली, मग हापसा, मग व्हरांडा. ३६ ताटं. हापशावर ढकलाढकली, एकाचं ताट दुसऱ्याच्या डोक्यात.

रांग म्हणजे काय हे लेकराला डोळ्यांना दिसत नाही. पुढच्याच्या पाठीमागं राहायचं, पण चिकटायचं नाही, पुढचा थांबला तर थांबायचं: हे सगळं एका शब्दात आपण कोंबलेलं असतं. म्हणून मी कासरा आणला. दीड-दीड हातावर गाठ मारली, पहिलीच्या प्रत्येकाची एक गाठ. गाठ धरायची आणि चालायचं. पहिले तीन दिवस ताटाशिवाय, भूक नसताना, सकाळच्या वेळी नुसते चाललो: खोली ते हापसा, हापसा ते लिंब, लिंब ते खोली. सर खिडकीतून बघत होते, म्हणाले, बैलं फिरवायला काढलीत का? फिरवा म्हणा, पण खिचडीच्या वेळेला हीच बैलं सरळ चालली.

हापशावर सगळे एकदम नेऊ नका. मी सहा-सहाच्या टोळ्या केल्या, शब्द लेकरांचाच. एक टोळी हात धुते, बाकीच्या सावलीत बसून दुसरीतल्या पोरीबरोबर टाळ्यांचा खेळ खेळतात. टोळीचा पुढारी रोज बदलतो. लेकरांनी त्याला लगेच 'मुकादम' म्हणायला सुरुवात केली. पहिल्यांदा मला हसू आलं. मग एक पोरगं म्हणालं, "मी मुकादम, तुला उचल दिलीय, गप उभा ऱ्हा," (उचल म्हणजे मुकादम मजुरांना आधीच देतो ते पैसे) आणि मी तो शब्द बदलला. आता 'गाडीवान' म्हणतो.

मधल्या सुट्टीनंतर

पेरणीचा पाऊस लांबला की जूनचा शेवटही आमच्याकडे उन्हाळाच असतो. पत्र्याची खोली, वीज असली तर पंखा, आणि पोटात खिचडी. या वेळेला मी एकेकाळी लेखन घ्यायचे, कारण 'लिहायला बसवलं की शांत बसतात' असं ऐकलं होतं. नाही बसत.

आता आत येताच पहिली पाच मिनिटं काही सांगायचंच नाही. पाणी प्यायचं, सतरंजीवर आडवं व्हायचं, मी हळू आवाजात गोष्ट सांगते. कोणी झोपलं तर झोपू देते. फडावरून आलेल्या लेकरांची झोप कशी तुटलेली असते ते त्यांच्या आयांना विचारा. मग उठून लिंबाखाली, हातानं करायचं काम: माती, पानं, खडे, दोरीत मणी. अक्षरं सकाळची.

वेळ नीट झाली, तरी एक लेकरू उरतंय

फटी बुजवल्या की गोंधळ पुष्कळ कमी होतो आणि मग खरोखर ज्याला काही अडचण आहे ते लेकरू वेगळं दिसायला लागतं. आधी ते छत्तीसांच्या गर्दीत लपलेलं असतं. शिक्षा, समज, पालकांना निरोप, याच्या आधी तीन गोष्टी तपासा.

भाषा. बंजारा तांड्यावरून आलेलं एक पोरगं सूचना दिली की माझ्याकडे बघायचं आणि नेमकं उलटं करायचं. मी दोन आठवडे त्याला हट्टी समजत होते. चौथीतल्या त्याच्या बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, "बाई, त्याला मराठी कुठं कळतंय अजून, घरी आम्ही गोरमाटी बोलतो." ते शेजारच्याचं बघून करत होतं आणि शेजारचं चुकत होतं. तिच्याकडून मी दहा-बारा शब्द लिहून घेतले. आईला 'याडी' म्हणतात हेही मला तेव्हा नीट कळलं. दुसऱ्या दिवशी "याडीनं काय दिलं डब्यात?" एवढंच विचारलं. पोरगं माझ्या पदराला धरून दिवसभर फिरलं, ती वेगळीच अडचण. उर्दू बोलणाऱ्या घरातल्या लेकरांचंही असंच होतं. सूचना सांगताना हातानं करून दाखवा आणि एका वेळी एकच सांगा. 'वही काढा, पान उघडा, तारीख लिहा' या तीन सूचना आहेत.

कान. हाक मारल्यावर वळत नाही, खूप मोठ्यानं बोलतो, गोष्ट सांगताना चुळबुळ करतो: आधी कान बघा, फुटलाय का, वास येतोय का. शाळेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं, अंगणवाडीला दोनदा. पण पथक यायची वाट न बघता लेकराला आरोग्य केंद्रात न्यायला घरी सांगा, आणि तोवर पहिल्या ओळीत बसवा. डोळ्यांचंही तेच.

लघवी. लाज वाटते म्हणून सांगत नाही आणि जागेवर नाचतं. शौचालय कुठं आहे, कडी कशी लावायची, पाणी कुठलं घ्यायचं, हे पहिल्या दिवशी प्रत्येकाला आत नेऊन दाखवा. अंधाराची भीती वाटत असेल तर बाहेर मैत्रीण उभी करा.

धाकटं भावंड बरोबर आणणारी पोर असेल तर तिला परत पाठवू नका. पेरणीच्या दिवसांत घरात कोणीच नसतं, परत पाठवलं तर दोघंही जातील. अंगणवाडी आवारातच असेल तर अंगणवाडीताईशी बोलून ठेवा. नसेल तर बसू द्या त्याला. बहिणीचं अर्धं लक्ष त्याच्याकडे राहील, त्यावरून तिला बोलू नका.

रडणारं आणि पळणारं

आई नजर चुकवून निघून गेली की लेकरू दुसऱ्या दिवशी तिचा पदरच सोडत नाही. आईला सांगा, सांगून जा. "खिचडी झाली की आजी येईल," असं म्हणा आणि आजीला खरंच त्या वेळी यायला लावा. पहिल्या आठवड्यात लेकरू अर्धा दिवस बसलं तरी चालेल. आमच्याकडे एका आजी चार दिवस व्हरांड्यात वाती वळत बसल्या. पाचव्या दिवशी नातवानंच त्यांना घरी जायला सांगितलं.

पळणाऱ्यामागं धावू नका, खेळ होतो. फाटकाला कडी, फाटकापाशी खिचडीवाल्या ताईंचं लक्ष, आणि पळालेलं लेकरू परत आलं की आधी पाणी. कुठून पळतं तेही वहीत लिहा. आमचं एक फक्त दप्तरं भरायच्या वेळी पळायचं. त्याला चेन लावता येत नव्हती.

मी केलेल्या चुका

दुसरीतल्या हुशार पोरीला मॉनिटर करून गोंधळ करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला लावली. तिची मैत्रीण कधीच फळ्यावर आली नाही, यावरून तुम्ही काय ते समजा. 'सरांकडे पाठवीन' म्हणाले. त्यानंतर सर वर्गात आले की पहिली रडायची. मोठं बक्षीस लावलं, चॉकलेटचं. दोन दिवस वर्ग स्वर्ग, तिसऱ्या दिवशी चॉकलेट संपलं.

आणि पट्टी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वापरली आहे, लपवत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे, पण गावात अजून बाप येऊन सांगतो, "कातडं तुमचं, हाडं आमची." तेव्हा मी त्याला कायदा सांगत नाही. वहीतली पानं दाखवते: बघा, तुमचा पोरगा या वेळेला उठतो, बाकी वेळ नीट असतो. बाप लोकांना वेळ आणि कारण कळतं. बैल कुठल्या चढावर अडतो हे त्यांना पाठ असतं.

'पाठ कुठवर आला?'

दोन आठवडे रांग, खूण, चिठ्ठी, हापसा यातच गेले तर वरून विचारणा होईल, या धास्तीनं नवीन शिक्षक पहिल्या आठवड्यातच मुळाक्षरं काढतात. घाबरू नका. लहान वर्गांत वाचन-गणिताचा पाया पक्का करायचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्याच महिन्यात पहिलीसाठी 'विद्याप्रवेश' आला: पहिल्या तीन महिन्यांचा, खेळातून शाळेची तयारी करून घेणारा कार्यक्रम. चिठ्ठी ओळखणं, चिंचोके मोजणं, सूचना ऐकून थांबणं हे सगळं त्यातच बसतं. टाचणात तसं स्पष्ट लिहा. 'हात धुण्याची रांग: क्रम, पुढे-मागे, सहापर्यंत मोजणी' असं लिहिलेलं पान मी दाखवलं तेव्हा भेटीला आलेल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि पुढे गेले.

पुन्हा बिघडतो तेव्हा

ऑगस्टपर्यंत वर्ग बसतो. मग महालक्ष्म्या आणि गणपतीच्या सुट्ट्या होतात आणि परत आल्यावर सगळं जूनसारखं. दिवाळीनंतर आणखी वेगळं: टोळ्या गेलेल्या, १९ मधली आठ-नऊच लेकरं समोर, त्यातली काही ऊसतोडीच्या महिन्यांपुरत्या चालणाऱ्या हंगामी वसतिगृहात जेवणारी, आजीपाशी राहिलेली, चिडचिडी. दोरीवर निम्म्या चिठ्ठ्या नसतात. त्या मी 'घर'च्या खोक्यात ठेवत नाही. तिसरं खोकं केलंय, 'गावाला'.

प्रत्येक वेळी नवीन युक्ती शोधू नका. तीच माळ, तोच कासरा, पण दोन आठवड्यांऐवजी दोन दिवस. पाडव्याला लेकरं परततात तेव्हा 'गावाला'मधून आपली चिठ्ठी काढून दोरीला लावतात. सहा महिन्यांनी नाव विसरलेलं असतं, बैल, मोर, चप्पल ओळखतात. मग कपाटावरून कासरा काढायचा आणि आधी गाठी मोजायच्या. आमच्या कपाटात उंदीर फार.